आठवीचा हजेरीपट

चि. मॉनिटरबाई,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी आलीस, अर्धा चहा तसाच ठेवून निळ्या बसमागं पळालीस, आणि जे विचारायला आली होतीस त्याचं उत्तर माझ्या ओसरीतच राहिलं. बरंच झालं. तोंडानं मला ते धड सांगता आलं नसतं. पस्तीस वर्षं कागद लिहिण्याचा पगार खाल्ला, तेव्हा हेही कागदावरच देतो. अक्षर लागलं नाही तर तुझ्या बाबाला दाखव. त्याच्या टी.सी.वर माझंच अक्षर आहे, त्याला सवय असेल.

तू म्हणालीस, "बाबूजी, यंदाचा निरोप समारंभ असा झाला पायजे का गावानं पाह्यतच राह्यलं पायजे." आणि मोबाइलमधली यादी वाचून दाखवलीस. पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट, एकाला साडेतीनशे. डीजे. केक. लग्नात येतो तो ड्रोनवाला. शाळा उघडून पंधरा दिवस झालेत. आपल्याकडं उन्हापायी शाळा मुळातच उशिरा उघडते, पुण्यामुंबईची पोरं पहिला धडा संपवून बसलेली असतात तेव्हा आपली घंटा वाजते. आणि तू फेब्रुवारीचा विचार करून राहिलीस! मी हसलो नाही, हे ध्यानात घे. पुढं मी तुझी यादी बरीच खोडणार आहे, पण जुलैत फेब्रुवारीचा विचार करण्याची तुझी खोड मला हवी आहे. ती कशासाठी, ते शेवटी येईल.

मी शाळेत बाबू होतो. १९८४ ला लागलो, २०१९ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटलो. एवढ्या काळात मला 'सर' कुणी म्हटलं नाही, आणि मी फळ्यापाशी कधी उभा राहिलो नाही. पण ऑफिसच्या खिडकीतून पटांगण, झेंड्याचा खांब, पाण्याची टाकी आणि फाटक एवढं सगळं दिसायचं. फाटकातून कोण आत आलं नि कोण कायमचं बाहेर गेलं, त्याची नोंद माझ्या हातची असायची. तेव्हा शाळेच्या परंपरा मला खिडकीतून दिसल्या तशा सांगतो. मास्तर लोक वेगळ्या सांगतील, त्यांचंही ऐक.

आधी भेटवस्तूचं. दहावीची बॅच जाताना शाळेला काहीतरी देते. मी निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिस, स्टाफरूम आणि मुख्याध्यापकांची खोली मिळून भिंतीवर अकरा घड्याळं होती. प्रत्येकावर लाल रंगात 'इयत्ता दहावीकडून सप्रेम भेट'. त्यातली सात बंद, आणि जी चार चालू होती त्यांचं आपसात पटत नव्हतं. सेल कोण टाकणार? शाळेच्या खर्चात सेलचा रकाना नसतो. पंख्यांचीही तीच गत. सरस्वतीचे फोटो मी मोजले नाहीत, देवाधर्माचं काम आहे.

एकच भेट मला आठवते जी कुणी भिंतीवर टांगली नाही. एका बॅचनं सायकलचा पंप, पंक्चर काढायचं सामान आणि ते ठेवायला पत्र्याची पेटी दिली होती. तेव्हा ही सरकारच्या मानव विकास योजनेची, पोरींसाठीची निळी बस नव्हती. बाहेरगावची पोट्टे पाच-सहा किलोमीटर सायकल हाणत यायची, आणि बाभळीचे काटे आपल्या रस्त्यावर फुकट. तो पंप नऊ वर्षं चालला. आधी वॉशर गेला, मग दांडा, शेवटी कुणीतरी नळीच काढून नेली. पेटीवरचं बॅचचं नाव तर दुसऱ्याच पावसाळ्यात पुसलं होतं. यंदा काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त वापरून वापरून झिजेल असं काहीतरी द्या. घड्याळ नको. घड्याळ दिलंत तर मी स्वतः येऊन परत करीन.

आता वर्गणी. तू म्हणालीस, सगळ्यांनी हो म्हटलं. हात वर करून विचारलंस ना? हात वर करून विचारलं की ज्याच्या घरी पैसे नाहीत ते पोरगं सगळ्यात आधी हात वर करते. मग निरोपाच्या दिवशी त्याला ताप येतो. असे ताप मी पुष्कळ पाहिले. दुसऱ्या दिवशी ते पोरगं हॉलतिकीट न्यायला येते तेव्हा अगदी ठणठणीत असते. साडेतीनशे रुपये म्हणजे कापसात किती वेळ वाकावं लागते, हे तुला मी सांगावं असं नाही. तू स्वतः दिवाळीच्या सुट्टीत वेचायला जातेस.

आपल्या गावात भंडारा होतो तेव्हा पैसे कसे जमतात, आठव. पैसे जमतच नाहीत, शिधा जमतो. कुणी पायलीभर गहू देतो, कुणी तुरीची डाळ, ज्याच्या वाडीत वांगी आहेत तो वांगी, ज्याच्या गोठ्यात जनावर आहे तो गोवऱ्या. ज्याच्याकडं काहीच नाही तो पहाटे जाऊन पळसाची पानं आणतो आणि पत्रावळी लावत बसतो. जेवायला बसल्यावर कुणाची डाळ नि कुणाच्या गोवऱ्या, कुणी विचारत नाही. तुमच्या निरोपाला रोडगे करा. वर्गातल्या चार पोरांना रोडगे भाजता येतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्यातला एक गणितात सारखा नापास होणारा आहे. निखाऱ्यात रोडगा कधी फिरवायचा, कधी राखेत दाबायचा, हे जमलं नाही तर बाहेरून कोळसा नि आतून कच्चं पीठ राहते. त्या दिवशी वर्गातले हुशार त्याच्या हाताखाली काम करू देत. केक काय, दारव्ह्याच्या दुकानातून कुणीही आणेल.

टी-शर्टाचं एवढंच. पांढऱ्या शर्टावर एकमेकांच्या सह्या करायची नवी टूम निघाली आहे, तीही नको. तुला मोठी गंमत वाटते. पण तो शर्ट पुढच्या वर्षी धाकट्याला घालायचा असतो, आणि पेनाची शाई निघत नाही.

आणि समारंभ पाचच्या बसच्या आधी संपव. ही सूचना फालतू वाटेल, पण बऱ्याच वर्षांच्या भांडणांचं हे सार आहे. निळ्या बसनं येणाऱ्या पोरी साडेचारला उठून जातात आणि भाषणं साडेचारलाच रंगात येतात. पोरींना पास फुकट आहे, पण उशीर झाल्यावर घरी जी बोलणी बसतात ती फुकट नसतात. एकदा उशीर झाला की पुढच्या कार्यक्रमाला घरचे पाठवतच नाहीत. पाहुण्यांना आधी बोलू दे आणि थोडं बोलू दे. सत्काराचे हार कमी केलेस की अर्धा तास आपोआप वाचतो.

पाच सप्टेंबरचं थोडक्यात सांगतो. स्वयंशासन दिनाला प्रत्येकाला मुख्याध्यापक व्हायचं असते, शिपाई कुणालाच नाही. दरवर्षी पहिला नंबर मुख्याध्यापक आणि शेवटचा नंबर शिपाई. हे कुणी ठरवलं नाही, आपोआप चालत आलं. यंदा चिठ्ठ्या टाक. आणि एकाला बाबू कर. माझ्या काळात एकदाही पोरांमधून बाबू झाला नाही, शाळा बाबूवाचून चालते असंच सगळ्यांना वाटायचं.

पुस्तकांचंही लक्षात ठेव. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात आणि दुपारची खिचडीही. नववीत पाय ठेवला की दोन्ही एकदम बंद. त्यामुळं नववीच्या जूनमध्ये शाळा सोडणारे जास्त, असा माझा अंदाज आहे. कागदावर कुणी तसं लिहीत नाही. तुमची दहावीची पुस्तकं, भूमितीच्या वह्या, प्रश्नसंच, शेवटच्या पेपरच्या दिवशी बाहेर पडतानाच नववीच्या हातात द्या. घरी नेलीत की रद्दीवाला नेतो.

आता गॅदरिंग. इथं मला जरा थांबायचं आहे.

आपल्याकडं गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटी असते. २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्या दिवशी दहावी खराटे घेऊन बाजारपेठ झाडते. २७ ला भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची जयंती. त्याच आठवड्यात नाटकं, कबड्डी, रांगोळी आणि फिशपाँड. फिशपाँडची पेटी ऑफिसच्या बाहेर ठेवलेली असायची. चिठ्ठ्या आधी वाचून घाणेरड्या असतील त्या काढायच्या, हे काम माझ्याकडं होतं. शिव्या काढायच्या, पोरापोरींच्या जोड्या लावलेल्या काढायच्या, मास्तरांची टिंगल जरा जपून ठेवायची. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू? हसू दाबत बसायचो.

साल २००६. नववीत एक पोरगा होता, पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा. मागच्या बाकावर बसायचा आणि तिसऱ्या तासाला झोपायचा. मास्तर खडू मारायचे, तो उठायचा, हसायचा, पुन्हा झोपायचा. त्याच्यावर चिठ्ठी आली: 'दिवसा घोरते, रातच्याला काय चोरते?' यमक जुळलं होतं. मला हसू आलं. शिवी नव्हती, जोडी नव्हती. मी ती चिठ्ठी पेटीत परत टाकली.

मंडपात ती वाचली तेव्हा एवढा हशा पिकला की माइकवाल्याला थांबावं लागलं. तो पोरगाही हसला. रिवाजच तसा, ज्याच्यावर फिशपाँड पडला त्यानं स्टेजवर जाऊन हसत घ्यायचा. तो गेला, घेतला, खाली आला.

रात्री तो काय करायचा, ते मला नंतर कळलं. जागलीला जायचा. जंगलाला लागून असलेल्या शेतांत रानडुकरं आणि रोही शिरतात, एका रात्रीत तुरीचं होत्याचं नव्हतं करतात. शेतमालक रोजानं जागल्या ठेवतो. बापाची कंबर गेली होती म्हणून तो पोरगा माळ्यावर बसून डबा वाजवायचा, पहाटे उतरायचा, आणि तसाच शाळेत यायचा. म्हणजे रात्रभर तो दुसऱ्याच्या शेताची राखण करायचा, आणि आम्ही त्याला विचारलं, काय चोरतोस?

हाच शब्द दुसऱ्या कुणावर पडला असता तर तो विनोदच राहिला असता. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरून गेला, लोकांच्या तोंडातून गेला नाही. गावात कोंबडी हरवली तरी नजर आधी बेड्याकडं जाते, हे तू पाहिलं आहेस. मी रोज जातीचे दाखले हाताळणारा माणूस, मला हे त्या चिठ्ठीत दिसायला हवं होतं. दिसलं नाही. यमकच दिसलं.

जानेवारीत त्याचा बाप टी.सी. मागायला आला. त्या चिठ्ठीमुळंच पोरानं शाळा सोडली असं मी म्हणत नाही. बापाची कंबर होती, घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. पण चिठ्ठी नसती तर सोडलीच असती, असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. टी.सी.त एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्यात मी जे सगळ्यांचं लिहायचो तेच लिहिलं: पालकाच्या विनंतीवरून. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली'. सही घेतली, शिक्का मारला.

पेटी माझ्याकडं होती तोवर त्यानंतर फिशपाँड बंद. मुलांनी आरडाओरडा केला, पण मुख्याध्यापकांनी माझं ऐकलं. हल्ली पुन्हा सुरू झाले असं ऐकतो, आणि आता पेटीही लागत नाही, ग्रुपवरच होते. मॉनिटर म्हणून तू ते बंद करू शकशील असं मला वाटत नाही. पण ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याची रात्र कशी जाते, हे माहीत असल्याशिवाय ती वाचू नको, एवढं तुझ्या हातात आहे.

तो वर्ग दहावीत गेला, आणि २००८ च्या फेब्रुवारीत त्याचा निरोप समारंभ होता. आदल्या रात्री मला शकुंतलेचा गार्ड आठवला. तू शकुंतला पाहिली नाहीस. मूर्तिजापूर-यवतमाळ रुळावरची ती चिमुकली गाडी. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला घातलेली लाइन. मी दारव्ह्याला शिकायला जायचो तेव्हा तिला वाफेचं इंजिन होतं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी नुकतीच आली होती. आमच्या थांब्यावरून सात पोरं चढायची. संध्याकाळी परतताना गार्ड हिरवी झेंडी दाखवायच्या आधी खिडकीत डोकावून मोजायचा. सहा भरली तर झेंडी खाली. "सातवा कुठी गेला बे?" मग आम्ही ओरडायचो, कुणीतरी धावत सुटायचं, गाडी उभीच. तिकीट आम्ही क्वचितच काढायचो, तो भाग वेगळा.

तर मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि निरोपाच्या कार्यक्रमात हजेरी घेतली. त्या वर्षीच्या दहावीची नव्हे, त्या वर्गाच्या आठवीची. आपल्याकडं पोरं सातवीपर्यंत आपापल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात आणि आठवीत हायस्कूलला येतात. तेव्हा वर्ग खरा भरतो तो आठवीत. आठवीच्या पटावर एकसष्ट नावं होती. समोर सेहेचाळीस बसले होते. मी एकसष्टही वाचली.

सुरुवातीला पोरं हसली. बाबूजीचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं. पाचव्या नावाला कुणी 'हजर' म्हणेना. मी थांबलो. मग मागून एक आवाज आला, "सुरतेला गेला." मी पुढं गेलो. "लग्न झालं तिचं." "वीटभट्टीवर आहे, नागपूरकडं." "बापासोबत सालदारकीला." एका पोरीच्या नावाला बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग तिची मैत्रीण उभी राहून म्हणाली, "पान लागलं होतं तिले, बाबूजी." आठवीच्या पावसाळ्यात शेतात साप चावून ती गेली होती. तिचं नाव कमी करणारा मीच, आणि मला आठवलं नव्हतं. त्या पोरग्याचं नाव आलं तेव्हा सगळा वर्ग गप्प होता. कुणीतरी हळूच म्हणालं, "जागलीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसच्या दारात उभा. स्वच्छ धुतलेला शर्ट, तेल लावलेले केस. "बाबूजी, काल हजेरीत माहं नाव घेतलं म्हन्ते." मी म्हटलं, घेतलं. तो म्हणाला, "मंग मी बी पेपर देतो."

बेटा, मॉनिटरबाई, शाळा सुटलेल्याला दहावीचा पेपर देता येतो. त्याला फॉर्म नंबर १७ म्हणतात. खाजगीरीत्या बसायचं, सर्टिफिकेट बोर्डाचंच मिळते. पण त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. तेव्हा फेब्रुवारी होता. मी बाबू, मला तारीख पाठ. मी म्हटलं, "आता तारीख गेली रे. पुढच्या साली पावसाळ्यात ये, मी स्वतः भरून देतो." तो "बरं" म्हणाला. पुढच्या पावसाळ्यात मी वाट पाहिली. तो पुण्याकडं कामाला गेला होता. मीही बेड्यावर जाऊन विचारलं नाही. ऑफिसात बसून वाट पाहिली, बाबू लोकांची असते तशी.

आता तू विचारशील, मग पुढं काय केलं? ती पहिली हजेरी धरून बारा वर्षं मी दर निरोपाला आठवीची हजेरी घेत राहिलो. लोक वाखाणायचे. एका पाहुण्यानं तर डोळे पुसले. आणि बारा वर्षांत एकदाही माझ्या टाळक्यात आलं नाही, की ही हजेरी फेब्रुवारीत घेऊन काही होत नाही, ती जुलैत घ्यायला पाहिजे. आपल्या सगळ्या परंपरा वर्ष संपताना सुचतात. निरोप, भेटवस्तू, फोटो, रडणं. तोवर सगळ्या तारखा गेलेल्या असतात. हे मला निवृत्त झाल्यावर, मागच्या वर्षी, तुरीच्या ओळीत निंदताना सुचलं. तेव्हा माझ्याकडं शाळाही नव्हती नि हजेरीपटही.

म्हणून परवा तू जुलैत फेब्रुवारीचं बोलायला लागलीस तेव्हा मी तुझ्याकडं बघतच राहिलो. तुला वाटलं असेल, म्हातारा ऐकत नाही.

तर काम सांगतो. तुमच्या आठवीचा हजेरीपट शाळेत असेल. घरी न्यायला मिळणार नाही, मागूही नको. वर्गशिक्षिकेपाशी बसून नावं उतरवून घे. त्यातले आज समोर कोण बसतात, त्यांच्यावर खूण कर. राहिले त्यांच्यापुढं ते कुठं आहेत ते लिही. तुम्हाला पोरांना ते माहीत असते, ऑफिसला नसते.

जे पटावर आहेत पण निंदण-डवरणीपायी येत नाहीत त्यांचं सोपं आहे. शेजारचं कुणीतरी रोज वही पोचवेल असं बघ. त्याला 'शाळेत ये' म्हणून भाषण देऊ नका, ते त्याच्या आईला लागते. वही द्या नि निघा. कापूस फुटल्यावर हीच पाळी पुन्हा येईल, तेव्हा तीच पोरं तयार असू दे.

ज्यांनी टी.सी. नेली त्यांच्यासाठी फॉर्म १७. तो आता बोर्डाच्या साइटवर ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि फी लागते. दाखला हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत काढायची आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. तारखा बोर्ड दरवर्षी जाहीर करते. आत्ताच्या बाबूला दर सोमवारी विचारत जा. तो वैतागेल, वैतागू दे, मीही वैतागायचो. फी कुठून आणायची म्हणशील तर तुझ्या डीजेचे पैसे आहेत. कागदपत्रांना मी बसतो. दिवसभर मी रिकामाच असतो, चष्मा नवा आहे.

एखाद्या पोरीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत असं कळलं तर तिच्या घरी तू जाऊ नको. तो तुझ्या वयाचा मामला नाही. बाईंना सांग, आणि बाईंनी टाळलं तर पोरांच्या मदतीसाठीचा १०९८ नंबर आहे, तिथं नाव न सांगता बोलता येते.

किती जण येतील? माझ्या मतानं दोन. कदाचित एक. कदाचित दिवाळीपर्यंत तोही येणार नाही. तरी फेब्रुवारीत रोडगे भाजाल तेव्हा यादीतल्या सगळ्यांना जेवायला बोलवा, फॉर्म भरलेले असोत की नसोत. टी-शर्ट नाहीत म्हटल्यावर कोण बॅचचं नि कोण नाही ते पंगतीत कळणारही नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ये. बसची घाई करू नको, बाबाला गाडी घेऊन न्यायला ये म्हण, तेवढंच त्याच्याशीही बोलणं होईल. चहा पुरा प्यावा लागेल.

तुझा,
बाबूजी

ता.क. यादीत बेड्यावरची नावं असतील. तिथं आधी जा, शेवटी नको. एकटी जाऊ नको, दोघी-तिघी जा. दारात उभं राहून मोठ्यानं नाव पुकारू नका, तिथं तसं पोलीस पुकारतात. ओट्यावर बसा. पाणी मागा, आणि दिलं की प्या.